दत्तक घ्यायचे ते कोणाला?



आपल्या जाम-समुद्रपूर भागात एखादे निपुत्रिक जोडपे दत्तकाचा विचार करू लागले, की वडीलधारी मंडळी सांगतात, "घ्यायचाच तर भावाचा पोरगा घ्या, धडधाकट पाहून." आजच्या पाठात आपण अशा मुलाचा विचार करू, ज्याचे नाव कोणीच सुचवीत नाही. ते म्हणजे डाउन सिंड्रोम असलेले अनाथ मूल.

प्रथम ही अवस्था समजून घ्या. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांत एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असल्याने ती ४७ होतात. इंग्रज डॉक्टर जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले. तिचे कारण १९५९ साली फ्रान्समध्ये उजेडात आले. हा स्पर्शाने लागणारा रोग नव्हे. मूल उशिरा चालते, उशिरा बोलते, पण शिकते. सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. म्हणून हृदय, थायरॉइड आणि कान यांची तपासणी आवश्यक होय.

तरीही शेजारीपाजारी म्हणतात, "मागल्या जन्मीचे पाप!" बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला आहे. आपल्या वाडवडिलांची अस्पृश्यताही याच सिद्धांताने त्यांच्या माथी मारली होती. ज्या तोंडाने आपण तो नाकारला, त्याच तोंडाने एका लेकराला पापाचे फळ कसे म्हणावे?

जुन्या हिंदू कायद्यात दत्तक म्हणजे मुलगाच. तोही वंशासाठी आणि पिंडदानासाठी. १९५६ च्या दत्तक कायद्याने मुलीलाही दत्तक घेता येऊ लागले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. अनाथालयातील मूल मात्र २०१५ च्या बाल न्याय कायद्याने, कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते.

असे कोणी केले आहे काय? होय. पुण्यात नोकरी करणारे आदित्य तिवारी अविवाहित होते. त्यांनी १ जानेवारी २०१६ रोजी डाउन सिंड्रोम असलेला मुलगा रीतसर दत्तक घेतला. आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे, शंकरबाबा पापळकर यांनी १२३ बेवारस दिव्यांग मुलांना बाप म्हणून आपले नाव दिले. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, यासाठी ते झगडत आले. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. परंतु एक माणूस किती जणांचा बाप होणार? इथे घर न मिळालेली अनेक दिव्यांग बालके परदेशी कुटुंबांत जातात. त्यांना तिथे माया मिळते, हे चांगलेच आहे. पण सातासमुद्रापलीकडच्या माणसाला जे मूल आपले वाटते, ते आपल्याला का वाटू नये?

मार्ग असा आहे. वर्ध्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे संगणकावर नाव नोंदवा. विशेष गरजा असलेल्या मुलांची नोंद तेथे वेगळी असते. दवाखान्यातून किंवा दलालाकडून पैसे देऊन मूल आणणे हा गुन्हा आहे.

खर्चाची चिंता खरी आहे. 'निरामय' योजनेत अशा मुलाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "आपल्या पश्चात याचे कोण?" यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमता येतो.

दत्तक घेणे प्रत्येकाला झेपेल असे नाही, आणि केवळ दयेपोटी ते घेऊही नये. हे काम जन्मभराचे आहे. म्हणून घरातील सर्वांनी, स्त्रियांनी व मुलांनीसुद्धा, एकत्र बसून पुढील प्रश्नांचा विचार करावा:

१. आपल्याला मूल हवे आहे, की म्हातारपणाची काठी?
२. मुलाला रोज शिकवायला, दवाखान्यात न्यायला घरात कोण आहे? की सारा भार एकट्या आईवर पडणार?
३. वस्तीत असे मूल आधीच असेल, तर आपली मुले त्याला खेळायला घेतात काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजच बदलता येईल. त्याला कोणत्याही कचेरीचा कागद लागत नाही.