फुलदाणीवरची सही

प्रश्न : आजोबांच्या संग्रहातल्या रंगीत काचेच्या फुलदाणीवर रोमन लिपीत ‘गाले’ अशी उठावदार सही आहे. ती अस्सल आहे का, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, जयेंद्रगंज, ग्वाल्हेर

उत्तर : एमिल गाले (१८४६–१९०४) हे फ्रान्समधल्या नान्सीचे थोर काचकलावंत. सहीलगत चांदणी असेल, तर ती फुलदाणी त्यांच्या निधनानंतर त्यांच्याच कारखान्यात घडलेली असू शकते. रुमानियात बनलेल्या नकलांवर नावाशेजारी ‘टिप’, म्हणजे ‘गाले धर्तीची’, अशी खूण असते. काही विक्रेते ती घासून टाकतात. त्यामुळे सहीभोवतीची काच भिंगातून, तिरप्या उजेडात तपासा. तिथे घासल्याच्या खुणा दिसल्या तर सावध व्हा. केवळ सहीवर विसंबू नका. जाणकाराचे लेखी मत मिळेपर्यंत फुलदाणी विकू नका.