जयपूरचा पाय : स्वभाव, नेतृत्व आणि कामाचे फळ

'जयपूर फूट' हा शब्द आता मराठीच झाला आहे. तालुक्याच्या गावी कृत्रिम पाय बसवण्याचे शिबिर भरते. पहाटेपासून माणसे कुबड्या टेकत, नातेवाइकांच्या खांद्याचा आधार घेत येऊन बसतात. त्यांतील कित्येक जण परत जाताना स्वतःच्या दोन पायांवर चालत बसस्थानकाकडे जातात. अशा शिबिरात आपल्यापैकी अनेकांनी सतरंज्या घातल्या असतील, चहा वाटला असेल, नावे नोंदवली असतील. परंतु हा पाय तयार कसा झाला आणि कोणत्या स्वभावाच्या माणसांमुळे तो लाखो लोकांपर्यंत पोहोचला, याचा विचार आपण सहसा करत नाही. आजच्या पाठात तो करू. कारण कार्यालयात, कारखान्यात, शाळेत किंवा सेवाकार्यात आपल्या कामाची गुणवत्ता कशावर ठरते, हे समजून घेण्यासाठी जयपूरचे हे उदाहरण फार उपयोगी आहे.

प्रश्न कोणाचा होता?

१९६०च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करत होते. त्यांचे उच्च शिक्षण एडिंबरोला झाले होते. पाय गमावलेल्या रुग्णांना त्या काळी पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय दिला जाई. तो तांत्रिकदृष्ट्या चांगला होता, पण खुर्चीवर बसणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या माणसासाठी बनवलेला होता. आपल्याकडचा शेतकरी अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, जेवायला मांडी घालतो, चिखलात उतरतो. त्या पायाने यांतले काहीच जमेना. रुग्ण काही दिवस तो पाय वापरत आणि मग बाजूला ठेवून पुन्हा कुबड्या घेत.

येथे डॉक्टरांना रुग्णावर रागावता आले असते. 'एवढा महागडा पाय दिला, तरी वापरत नाहीत,' असे म्हणून विषय संपवता आला असता. आपण कामाच्या ठिकाणी पुष्कळदा हेच करतो. योजना फसली की दोष लोकांच्या अज्ञानाला देतो. डॉ. सेठींनी दोष पायात शोधला. आपल्या विद्येत काहीतरी उणे आहे, हे मान्य करायला विद्वान माणसाला मोठी नम्रता लागते. या कामाची सुरुवात त्या नम्रतेतून झाली.

कारागिराचे हात

त्याच रुग्णालयात पंडित रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर होते. सगळे त्यांना 'मास्टरजी' म्हणत. शालेय शिक्षण फारसे नाही, पण हातात पिढीजात कला. रुग्णांना हस्तकला शिकवण्यासाठी ते रुग्णालयात येत. तेथे पाय नसलेल्या माणसांची धडपड ते रोज पाहत. याला आपण काही करू शकू, असे त्यांच्या मनाने घेतले.

असे सांगतात की, एके दिवशी मास्टरजींच्या सायकलचे चाक पंक्चर झाले. दुरुस्तीच्या दुकानात थांबले असता ट्रकच्या टायरवर रबर चढवण्याचे काम त्यांच्या नजरेस पडले. असे लवचीक आणि टिकाऊ रबर पायासाठी का वापरू नये, हा विचार त्यांच्या मनात आला. तो विचार घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. पहिले प्रयत्न फसले; पाय जड झाले. मग बदल होत गेले. टाच आणि चवडा स्पंजासारख्या रबराचा, घोट्याचा भाग लाकडाचा, भोवती टायरमधल्या दोऱ्यांचे कापड, वरून कातडीच्या रंगाचे रबर, आणि हे सारे साच्यात घालून उष्णतेने एकजीव केलेले. १९६८ साली हा पाय तयार झाला. तो घालून माणूस अनवाणी चालू शकत होता, उकिडवा बसू शकत होता, ओल्या शेतात उभा राहू शकत होता.

येथे दोन स्वभाव एकत्र आले. मास्टरजींकडे निरीक्षण आणि चिकाटी होती. डॉ. सेठी आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांकडे शरीररचनेचे ज्ञान होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, परदेशी पदवी नसलेल्या माणसाचे ऐकून घेण्याची तयारी होती. रुग्णालयाची उतरंड आपणास ठाऊक आहे. वरून खाली आज्ञा येते. खालून वर सूचना क्वचितच जाते. त्या दिवशी मास्टरजींना दारातूनच परत पाठवले असते, तर हा पाय झाला नसता.

पाय होता, पण पोहोचत नव्हता

आता या कथेचा फारसा न सांगितला जाणारा भाग पाहू. १९६८ ते १९७५ या सात वर्षांत हे पाय जेमतेम पन्नासच्या आसपास लोकांना बसवले गेले. वस्तू उत्तम होती, गरजू माणसे हजारो होती. तरीही आकडा एवढाच.

पुढचे काम तिसऱ्या माणसाने केले. देवेंद्र राज मेहता हे राजस्थानातील भारतीय प्रशासन सेवेचे अधिकारी. १९६९ साली एका भीषण अपघातात त्यांच्या पायाचे हाड अनेक ठिकाणी मोडले. दीर्घ उपचारांनंतर त्यांचा पाय वाचला. त्या अंथरुणावर त्यांच्या मनात विचार आला की, आपल्याला उपचार मिळाले. पण ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख नाही, त्यांचे काय? भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ साली, त्यांनी जयपूरला 'भगवान महावीर विकलांग सहायता समिती' स्थापन केली. पुढे ते सेबीचे अध्यक्ष झाले, मोठी पदे सांभाळली. पण हे काम सोडले नाही.

मेहतांनी पायाचा शोध लावला नाही. त्यांनी कामाची पद्धत बदलली. पाय मोफत द्यायचा. रुग्ण कोणत्याही वेळी आला तरी त्याला दारातून परत पाठवायचे नाही. त्याच्या व सोबतच्या माणसाच्या राहण्याजेवणाची सोय करायची. शक्यतो पाय बसवूनच त्याला घरी धाडायचे. ज्याची रोजची मजुरी बुडते, त्याला 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगणे म्हणजे 'येऊ नका' असे सांगण्यासारखेच असते, हे स्वतः अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाला कळले होते. त्यानंतर आकडे वाढत गेले. आज दरवर्षी हजारो लोकांना पाय मिळतात. अफगाणिस्तानसारख्या युद्धाने होरपळलेल्या देशातही हा पाय पोहोचला. १९८१ साली अपघातानंतर पाय गमावलेल्या नर्तकी सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा रंगमंचावर नाचल्या.

अभ्यासक काय सांगतात?

आधुनिक मानसशास्त्र माणसाच्या स्वभावाचे पाच मुख्य पैलू मानते : नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक स्थैर्य. १९९१ साली मरे बॅरिक आणि मायकेल माउंट या अमेरिकी संशोधकांनी अनेक जुन्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सर्व प्रकारच्या व्यवसायांत चांगल्या कामाशी सातत्याने जोडलेला आढळलेला गुण म्हणजे कर्तव्यदक्षता : हाती घेतलेले नीट, वेळेवर आणि शेवटपर्यंत करणे. हा संबंध माफकच आहे. म्हणजे स्वभाव सारे काही ठरवत नाही. शिक्षण, साधने, परिस्थिती आणि वरिष्ठांची वागणूक यांचाही वाटा असतो.

वरिष्ठांच्या वागणुकीविषयी अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा २०११चा एक अभ्यास उद्बोधक आहे. त्यांनी अमेरिकेतील पिझ्झाच्या दुकानांचा अभ्यास केला. जेथे कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे नव्हते, तेथे बोलके, पुढे पुढे करणारे व्यवस्थापक यशस्वी ठरले. पण जेथे कर्मचारी स्वतःहून काही सुचवत होते, तेथे शांत स्वभावाच्या व्यवस्थापकांच्या दुकानांना अधिक नफा झाला. कारण ते ऐकून घेत होते. नेता म्हणजे मोठ्याने बोलणारा, ही आपली समजूत येथे तपासून घ्यावी लागते.

आपल्या परंपरेतही हा विचार आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक जण फळासाठी हपापलेला असतो, यशाने फुलतो आणि अपयशाने कोसळतो. दुसरा हट्टी आणि आळशी, आजचे काम उद्यावर टाकणारा. तिसरा 'हे मी केले' असे न म्हणणारा. त्याच्याजवळ धीर आणि उत्साह दोन्ही असतात. यातील शेवटची जोडी लक्षात घेण्यासारखी आहे. नुसता उत्साह पहिला जड पाय फसल्यावर मावळला असता. नुसता धीर असता, तर नवा पाय करून पाहण्याची खटपट कोणी केलीच नसती.

श्रेयाचा प्रश्न

१९८१ साली डॉ. सेठींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. परंतु मास्टरजींचे नाव जगाला तितकेसे कळले नाही. आजही शिबिरात पाय घेणाऱ्या शंभर जणांना विचारले, तर ते नाव फार थोड्यांना माहीत असेल. यात कोणाला दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. पुरस्कार देणारे जग पदवी आणि पद चटकन ओळखते. हातांचे काम त्याला उशिरा दिसते. म्हणूनच सोबतच्या माणसाचे नाव घेण्याची जबाबदारी प्रमुखावर अधिक असते.

येथे स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी एका विभागाचा प्रमुख होतो. आमच्या शिपाईभाऊंनी मला सुचवले, "साहेब, अर्जांच्या दोन रांगा केल्या तर म्हाताऱ्या माणसांना उभे राहावे लागणार नाही." मी कामात होतो, "बघू," म्हणालो आणि विसरलो. वर्षभराने वरिष्ठांनी तीच कल्पना मांडली, तेव्हा मी बैठकीत तिची तोंडभरून स्तुती केली. चहा घेऊन आलेले शिपाईभाऊ तेथेच उभे होते. ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी मला कधीही काही सुचवले नाही. एक वर्षभर वृद्ध माणसे विनाकारण उभी राहिली, हे माझ्या स्वभावाचे फळ होते. कामगिरीच्या कोणत्याही अहवालात ते नोंदले गेले नाही.

आपल्यासाठी

स्वभावाला औषध नाही, असे आपण म्हणतो. स्वभाव सहजी बदलत नाही, हे खरेच; पण सवयी बदलता येतात. कमी बोलणारा माणूस बैठकीत एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ शकतो. जास्त बोलणारा माणूस सर्वांत शेवटी बोलण्याचा नियम करू शकतो. विसराळू माणूस वही ठेवू शकतो. आपला स्वभाव ओळखून त्याच्या उणिवेला पूरक माणूस शेजारी घेणे, हाही नेतृत्वाचाच भाग आहे. जयपूरला निरीक्षण करणारा, ज्ञान असलेला आणि व्यवस्था उभी करणारा, असे वेगळे लोक लागले. एकट्याकडे सर्व गुण नव्हते आणि त्याची गरजही नव्हती.

या आठवड्याच्या स्वाध्यायासाठी पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत आणि गटात चर्चा करावी :

१. माझे काम फसले, तेव्हा मी दोष कोठे शोधला : लोकांत, की माझ्या पद्धतीत?

२. माझ्यापेक्षा कमी शिकलेल्या किंवा खालच्या पदावरील व्यक्तीची सूचना मी शेवटची कधी अमलात आणली?

३. माझ्याकडे असे कोणते चांगले काम आहे, जे तयार असूनही गरजूंपर्यंत पोहोचत नाही? त्यात अडसर कोणता?

४. ज्याच्या श्रमाचे श्रेय मला मिळाले, अशा एका व्यक्तीचे नाव लिहा. या आठवड्यात त्या व्यक्तीचे नाव चारचौघांत घ्या.

चौथे उत्तर लिहायला सर्वांत अधिक वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे. ते आधी लिहावे.