संगणकाची स्मृति वाढवावी कीं सांठवण बदलावी?

घरांतील संगणक मंदावला म्हणजे त्यास एखादा नवीन भाग बसवावा, हा विचार सहज मनांत येतो. परंतु कोणता भाग? कोणी स्मृति, म्हणजे रॅम, वाढवावयास सांगतो; कोणी जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसवावी असें म्हणतो. दोहोंसही पैसे पडतात, आणि निवड चुकल्यास पैसे जाऊन मंदपणा मात्र तसाच राहतो. म्हणून या दोहोंतील भेद विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं नीट समजून घ्यावा.

स्वयंपाकघराचा दृष्टांत घेऊं. धान्य, डाळी, पिठें हीं कोठीच्या खोलींत असतात. आज जें रांधावयाचें तेवढेंच आपण ओट्यावर काढून घेतों. संगणकाची सांठवण ही कोठी व स्मृति हा ओटा होय. वीज गेली कीं हा ओटा रिकामा होतो, कोठी मात्र भरलेली राहते. ओटा लहान आणि जिन्नस पुष्कळ असले, तर एक डबा कोठींत ठेवून आल्यावांचून दुसरा आणतां येत नाहीं. संगणकही तसेंच करतो. स्मृति अपुरी पडली म्हणजे तींतील कांहीं मजकूर तो सांठवणींत नेऊन ठेवतो व लागेल तेव्हां परत आणतो. १९६२ सालीं मँचेस्टर विद्यापीठांत सुरू झालेल्या ॲटलस संगणकांत ही युक्ति योजिली होती; आजही ती चालू आहे.

आतां वेळेचा हिशेब पाहा. स्मृतींतून मजकूर मिळण्यास सेकंदाचा सुमारें एक कोटीवा भाग लागतो. हार्ड डिस्कमध्यें तबकडी फिरावी लागते व वाचणारी दांडी योग्य जागीं सरकावी लागते. म्हणून तेथें सुमारें शंभरावा भाग, म्हणजे लाखपट वेळ जातो. एसएसडींत हलणारा भाग मुळींच नसल्यानें सुमारें दहा हजारावा भाग पुरतो. ती हार्ड डिस्कहून पुष्कळ चपळ खरी, पण स्मृतीच्या मानानें मंदच होय.

तेव्हां आधीं परीक्षा करावी. विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत मेमरी व डिस्क यांवरील भार शेंकडेवारीनें दिसतो. स्मृति निम्मी मोकळी असून डिस्क मात्र सारखी शंभरावर टेकलेली असेल, तर दोष डिस्कचा. तेथें एसएसडी घ्यावी. स्मृति नव्वदांच्या पुढें गेली असेल, तर डिस्कचे श्रम पाहून फसूं नये. ते बहुधा अपुऱ्या स्मृतीमुळेंच वाढलेले असतात. अशा वेळीं स्मृति वाढवावी. केवळ जागा भरली म्हणून तक्रार असेल, तर प्रथम नको असलेला मजकूर काढून टाकावा. त्यास पैसा लागत नाहीं.

समजा, स्मृति ४ गिगाबाइट, डिस्क जुनी व पैसा एकाच भागापुरता आहे. मग बहुधा एसएसडी आधीं घ्यावी. संगणक सुरू होणें, प्रोग्रॅम उघडणें व वर सांगितलेली ने-आण हीं तिन्ही कामें तिच्यामुळें हलकीं होतात. स्मृति पुढें सवडीनें वाढवावी.

खरेदीपूर्वीं तीन गोष्टी पाहाव्यात. कांहीं लॅपटॉपांत स्मृति डाखानें कायमची जोडलेली असते, ती वाढवितां येत नाहीं. डीडीआर३ च्या खांचेंत डीडीआर४ बसत नाहीं. आणि विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला असल्यामुळें, आपला संगणक पुढील आवृत्ति चालवूं शकेल काय, हेंही आधीं तपासावें. शिवाय डिस्क बदलण्यापूर्वीं छायाचित्रें, निबंध व हिशेब यांची दुसरी प्रत अवश्य काढून ठेवावी. भाग बाजारांत पुन्हां मिळतो, गेलेला मजकूर मिळत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं आठवडाभर रोज एकदां हे दोन आंकडे वहींत टिपून ठेवावेत आणि मग ती वही वडिलांपुढें अगर आईपुढें ठेवावी. रोगाचें निदान आधीं, औषध मागून. हा नियम यंत्रासही लागू आहे.