पाऊस पुष्कळ, पाणी कुठं?

भोर आणि वेल्हे हा डोंगराचा मुलूख. आषाढ-श्रावणात इथं पाऊस कोसळतो. भाताची खाचरं तुडुंब भरतात. नीरा, वेळवंडी, कानंदी, आंबी, मोसे या नद्या दुथडी वाहतात. भाटघर, पानशेत, वरसगाव ही धरणं भरतात. भाटघरचं पाणी पुढं कालव्यांनी बारामती-फलटणकडं जातं. पानशेत-वरसगावचं पाणी पुण्याला जातं.

आणि वैशाखात? डोंगरावरच्या वाडीतल्या बाया आटलेल्या झऱ्यापाशी हंडे घेऊन बसतात. असं का बरं होतं?

पहिलं कारण पायाखाली आहे. इथं काळा कातळ आहे. कातळाच्या भेगांत मुरेल तेवढंच पाणी साठतं. तेच पुढं झऱ्याला नि विहिरीला येतं. उतारावरनं पळालं ते गेलं.

दुसरं कारण हवेत आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळलं की एक वायू हवेत मिसळतो. त्याची पृथ्वीभोवती जणू गोधडी होते. गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वी १ अंशाहून अधिक तापली आहे. हवा १ अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते. मग पाऊस एकदम कोसळतो. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाले, असं शास्त्रज्ञांनी मोजलं आहे. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो.

रोपाला बेतानं पाणी घातलं तर ते मुळाशी जातं. घागर उलटी केली तर माती धुऊन जाते. पावसाचंही तसंच आहे.

आभाळ आपल्या हाती नाही. उतार मात्र आहे. म्हणून आम्ही सांगतो:

झऱ्याच्या वरच्या अंगाची झाडी राखा.
डोंगराला वणवा लावू नका. गवत पाणी अडवतं, माती धरतं.
ओढ्या-नाल्यांना दगडांचे छोटे बांध घाला.
उताराला आडवे, समपातळीत चर खणा. पण जिथं दरड कोसळायची भीती आहे, तिथं जाणकाराला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका.

हे एकट्याचं काम नव्हे. झरा एकाच्या रानात, तर त्याला पाणी पुरवणारा उतार दुसऱ्याच्या. तेव्हा ग्रामसभेत बसून ठरवा.

आता आपल्याला लिहिता येतं. आपला झरा यंदा कोणत्या महिन्यात आटला, ते वहीत लिहा. पुढच्या वर्षीही लिहा. चार वर्षांनी वही उघडून बघा. आपण अडवलेलं पाणी मुरलं की नाही, ते तीच सांगेल.