रडू उशिरा येतं तेव्हा

घरात कुणी गेलं की तेरा दिवस माणसांचा राबता असतो. शेजारून पिठलंभात येतो, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, दहाव्याला सगळे भाऊबंद घाटावर कावळ्याची वाट पाहत उभे राहतात. या तेरा दिवसांत सगळ्यात कमी रडतो तो खर्चाचे पैसे खिशात बाळगणारा आणि गुरुजींना फोन करणारा माणूस. लोक म्हणतात, काय खंबीर आहे हो! माझ्याकडे तो वर्षभराने येतो, आणि तक्रार असते धडधडीची.

असेच एक पन्नाशीतले गृहस्थ आले होते. आईला जाऊन दहा महिने झालेले. रुग्णालयाचं बिल, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, बँकेतली ठेव, सातबाऱ्यावरची वारसनोंद, सगळं एकट्याने निस्तरलेलं. रात्री तीनला दचकून जाग येते, छाती धडधडते, मग सकाळपर्यंत डोळा लागत नाही. हे कधीपासून, असं विचारल्यावर बराच वेळ आठवून ते म्हणाले, "गॅसचं कार्ड आईच्या नावावरून माझ्या नावावर करून आणलं ना, त्या रात्रीपासून." शेवटचा कागद हातावेगळा झाला होता. आता आईसाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वैद्यकाला हे नवीन नाही. बॉस्टनमध्ये १९४२ साली कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं मेली. त्यातून वाचलेल्यांना आणि मृतांच्या आप्तांना तपासून एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञांनी १९४४ मध्ये एक निबंध लिहिला. महत्त्वाची कामं अंगावर असली किंवा घरच्यांना धीर द्यायचा असला, तर शोक कित्येक आठवडे, कधी त्याहूनही बराच काळ पुढे ढकलला जातो, असं त्यांनी त्यात नोंदवलं आहे.

कारणं आणखीही असतात. दोन-तीन वर्षं डायलिसिसच्या फेऱ्या केलेल्या घरात मृत्यूनंतर आधी हुश्श वाटतं. मग त्या हुश्श वाटण्याचीच लाज वाटू लागते, आणि रडायचं राहून जातं. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तर अनेकांना शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही. परदेशातल्या मुलांनी वडिलांचे अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली. लहानपणी आई गमावलेल्या मुलीचं तर वेगळंच. लग्नात ती हसतमुख असते. पण पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची वेळ येते आणि तिथे आई नसते, तेव्हा वीस वर्षांपूर्वीचं दुःख समोर उभं राहतं. अशा वेळी 'आईची आठवण येतेय' म्हणून सोडून देऊ नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. ज्याला रडू आलं नाही, त्याला पुढे ते येणारच, असा नियम नाही. बरीच माणसं फार न रडताही नीट सावरतात. तेव्हा 'रडून मोकळा हो, नाहीतर आजारी पडशील' असा धाक कुणी कुणाला घालू नये. दुःखाच्या पाच पायऱ्यांचंही तेच. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्यावर आपली प्रगती मोजत बसायचं कारण नाही.

आता उपाय. आधी शरीर. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर 'टेन्शन आहे' असं स्वतःच ठरवू नका. त्याच दिवशी ईसीजी काढा. तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा पडू शकतो. ताकोत्सुबो नावाचा हा विकार पाळी गेलेल्या स्त्रियांत जास्त दिसतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब पाहून घ्या. जोडीदार गेल्यावर औषधांची आबाळ होते, हेही मी नेहमी पाहतो. नवरा रोज सकाळी चहाबरोबर गोळी हातावर ठेवायचा. तो गेला आणि काकूंची बीपीची गोळी बंद पडली, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

झोपेसाठी शेजारच्या वहिनींची अर्धी गोळी घेऊ नका. त्या गोळ्यांची सवय लागते आणि दुःख जागच्या जागी राहतं. दारूचंही तसंच, शिवाय ती झोप बिघडवते ते वेगळं.

मनासाठी मी सांगतो ते साधं आहे, सोपं नाही. दिवसातला अर्धा तास ठरवून त्या माणसासाठी ठेवा. फोटो बाहेर काढा, शेवटचे दिवस आठवा, विश्वासातल्या एकाच माणसाला पहिल्यापासून सगळं सांगा. ज्याला हात लावणं टाळताय, ते कपाट एकदम रिकामं करू नका. आज फक्त उघडा, पुढच्या आठवड्यात एक साडी बाहेर काढा. अर्धा तास झाला की उठा, फिरून या, जेवण वेळेवर घ्या. दुःखाकडे जाणं आणि त्यातून बाहेर येणं, दोन्ही हवं. नातवाच्या बारशाला हसलात म्हणून तुमचं प्रेम कमी होत नाही. अंत्यविधीला पोचता आलं नसेल तर गावी जाऊन या. श्राद्ध करायचं की झाड लावायचं, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडा.

घरच्यांसाठी: 'आता वर्ष झालं, किती दिवस तेच?' हे वाक्य बंद करा. गेलेल्या माणसाचं नाव टाळू नका. 'भाऊंची आठवण येते का?' एवढं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत बसा. बाप्यांना हा प्रश्न कुणी विचारतच नाही, म्हणून त्यांना आवर्जून विचारा.

तज्ज्ञांकडे कधी जायचं? ओढ आणि वेदना जवळजवळ रोज, महिनाभर तशीच राहिली, काम सुटलं, माणसं नकोशी झाली, जगण्यात अर्थ वाटेना, तर थांबू नका. दीर्घकाळ रेंगाळणारा शोक हा आता निदान होणारा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी मृत्यूनंतर किमान सहा महिने, तर अमेरिकी वर्गीकरणात प्रौढांसाठी एक वर्ष धरतात. मदत मागायला मात्र ही मुदत भरायची वाट पाहायची नसते. या विकारात शोकावर बेतलेलं समुपदेशन उपयोगी पडतं. नैराश्यविरोधी गोळ्या लागतात त्या मुख्यतः सोबत नैराश्य असेल तर. दुःखाच्या लाटा येतात आणि ओसरतात. नैराश्यात दिवसच्या दिवस सगळं बेचव होतं आणि 'मीच कुचकामी' असं वाटत राहतं.

'त्यांच्याकडे जावंसं वाटतं' असा विचार मनात आला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. काय बोलावं ते सुचलं नाही, तर कोण गेलं आणि कधी गेलं, एवढंच सांगा. पुढचं ते विचारतील.