गीर्शची पानं, गीर्शची मुळं



मे महिना आला की जर्मनीतल्या श्रेबरगार्टनांमध्ये गीर्शवरून वाद सुरू होतो. गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं हे रानझाड, फुलं पांढरी, छत्रीसारखी. फुलण्याआधीची कोवळी पानं पालकासारखी परतली तर खरंच छान लागतात. (ओळख पक्की असल्याशिवाय मात्र तोडू नयेत, याच कुळात विषारी झाडंही आहेत.) आमच्या कुंपणापलीकडच्या आजी त्याचं सूप करतात, आजोबा त्याला शिव्या घालतात.

शिव्यांचं कारण जमिनीखाली आहे. गीर्शची पांढरी मुळं आडवी पसरत जातात, आणि कायद्याने कमाल 400 चौरस मीटर असलेल्या बागेतून शेजारच्या बागेत शिरायला त्यांना वेळ लागत नाही. रागाने फावडं मारलं की मुळाचे तुकडे होतात आणि तुकड्या-तुकड्यातून नवं झाड उगवतं. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं! जाणकार लोक दातेरी फावड्याने माती सैल करून मूळ अख्खं ओढून काढतात.

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात तथागत तीन गोष्टी पाहायला सांगतात: अस्साद म्हणजे गोडी, आदीनव म्हणजे धोका आणि निस्सरण म्हणजे सुटका. जगात गोडी नसती तर प्राणी त्यात गुंतलेच नसते, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. आपण मात्र बहुधा आदीनवावरच भाषण करतो.

जातीचंच घ्या. 1956 ला नागपुरात दीक्षा झाली, बावीस प्रतिज्ञा आपल्या मुलांनाही पाठ आहेत. तरी लग्नाचा विषय निघाला की "मूळचे कोण?" हा प्रश्न येतोच, इथे जर्मनीतही. एकदा मीही विचारला आहे. सभेत कोणी यावर रागावून बोललं की सगळे गप्प बसतात आणि संध्याकाळी तोच प्रश्न फोनवर विचारतात. फावडं मारलं, तुकडे झाले.

कारण त्यातली गोडी आपण कबूलच करत नाही. परक्या मुलखात आपली माणसं, तीच बोली, त्याच रीती, मुलीला सासरी परकं वाटणार नाही हा दिलासा. ही गोडी खोटी नाही, म्हणूनच ती सुटत नाही. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या 1936 च्या भाषणात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला आणि शास्त्रांवरची श्रद्धा हे मूळ दाखवलं. शास्त्रं आपण सोडली. विवाहाचं अजून बाकी आहे.

पुढच्या अभ्यासवर्गाला येताना, आपल्या घरात हा प्रश्न शेवटचा कधी आणि कोणी विचारला, ते आठवून या.