शेळी गाभडली तर जार हातानं उचलू नका

ताईंनो, शेळी साधारण 150 दिवस गाभण राहते. मधेच गाभडली की आपण 'मार लागला असेल' म्हणतो आणि जार हातानंच उचलून उकिरड्यावर टाकतो. खरा धोका तिथंच आहे.

मार लागूनही शेळी गाभडते, पीपीआरनंही. पण शेवटच्या दोन महिन्यांत एकीमागं एक शेळ्या गाभडू लागल्या, तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यावी. याचे जंतू पडलेल्या पिलात, जारेत, दुधात असतात. हाताला बारीक चीर असली तरी आपल्याला लागण होते. मग येणारा-जाणारा ताप, रात्री घाम, कंबर-सांधे दुखणं. अशा वेळी डॉक्टरांना 'घरी शेळी गाभडली होती' हे आवर्जून सांगा, नाहीतर नुसत्या तापाच्या गोळ्या खाण्यात महिने जातात. 1905 मध्ये माल्टा बेटावर अशाच तापाचं मूळ शेळीच्या दुधात सापडलं होतं. सेवाग्राममुळे शेळीचं दूध आपल्याकडे मानाचं, पण प्यायचं उकळूनच.

गाभडलेली शेळी वेगळी बांधा. मोजे नसतील तर हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवा. पिलू आणि जार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. गरोदर बाईनं तिकडं जाऊच नये.

2019 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या रोगाची लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना आहे, शेळ्यांना नाही. म्हणून पशुसखीला सांगून दवाखान्यात रक्त तपासून घ्या. अहवाल येईपर्यंत ती शेळी विकू नका. घेणारी बहुतेक वेळा आपल्याच गावची ताई असते.